क्लिक खरे बोलतात का? लांब पल्ल्याच्या स्कोपविषयी वाचकांचे प्रश्न

लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी कमी किमतीचा स्कोप घ्यावा का, आणि घेतलेला स्कोप बरा निघाला की नाही हे कसे ओळखावे, यावर पुष्कळ पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न घेतले आहेत. लक्ष्य कागदाचे किंवा पोलादी पाटीचे आणि अंतर ३०० ते १००० मीटर असे धरले आहे; .२२ चा प्रश्न तेवढा वेगळा. रायफलीवर बसवलेल्या स्कोपची कोणतीही तपासणी करण्याआधी बोल्ट बाहेर काढायचा आणि चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करायची. हे प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहिलेले नाही, पण प्रत्येक उत्तराला लागू आहे.

प्रश्न : ६-२४×५० चा (६ ते २४ पट झूम, पुढचे भिंग ५० मिमी), ३० मिमी नळीचा, मिल रेटिकलचा (म्हणजे आतल्या नेमरेघांवर मिल या कोनमापाच्या खुणा असलेला) स्वस्तातला स्कोप घेतला. दुकानात चित्र अगदी स्वच्छ दिसत होते. पण रेंजवरचे सोबती म्हणतात की स्वस्त स्कोप 'ट्रॅक' करत नाही. म्हणजे नेमके काय? गोळ्या वाया न घालवता हे तपासता येते का?

उत्तर : तपासता येते, आणि गोळ्या न झाडता केलेली तपासणीच जास्त विश्वासाची असते. दुकानात तुम्ही काच पाहिलीत. लांब पल्ल्यावर आधी घात करते ते आतले यंत्र.

स्कोपच्या बाहेरच्या नळीत आणखी एक छोटी नळी असते, तिला इरेक्टर म्हणतात. टरेट म्हणजे नेम हलवण्यासाठी ठरावीक टप्प्यांनी, टक-टक (क्लिक) करत फिरणारा बाहेरचा नॉब. त्याचा स्क्रू इरेक्टरला एका बाजूने दाबतो आणि समोरून स्प्रिंग त्याला उलट रेटत असते. आपण टरेट 'अप' फिरवतो तेव्हा स्क्रू मागे सरतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत इरेक्टरला ढकलण्याचे काम एकट्या स्प्रिंगवर येते. स्प्रिंग कमजोर असेल किंवा स्क्रूचे आटे ओबडधोबड असतील तर क्लिक ऐकू येतो, बोटाला जाणवतो, पण रेटिकल तेवढे सरकत नाही. कधी मुळीच सरकत नाही आणि पुढच्या गोळीच्या धक्क्याने एकदम उडी मारते. टरेट जितके क्लिक दाखवतो तितकेच रेटिकल सरकले पाहिजे आणि टरेट शून्यावर आणला की ते मूळ जागी परतले पाहिजे. याला ट्रॅकिंग म्हणतात.

तपासणीसाठी एक ताठ पांढरा बोर्ड घ्या, किमान १२० सेंमी उंच. कापडी किंवा फ्लेक्सचा नको, तो ताणला जातो. वरून ओळंबा सोडा आणि दोऱ्याच्या मागोमाग उभी रेघ मारा. रेघेवर वरच्या टोकाशी शून्य धरून खाली दर १० सेंमीला जाड खूण आणि दर १ सेंमीला बारीक खूण करा. बोर्ड १०० मीटरवर उभा करा आणि रेघ ओळंब्यात आहे ना, हे तिथे पुन्हा पाहा.

अंतर टेपने मोजा, स्कोपच्या पुढच्या भिंगापासून बोर्डापर्यंत. इथे आळस केला तर सगळी मेहनत वाया जाते. लेझर रेंजफाइंडर एक मीटर इकडेतिकडे दाखवू शकतो. १०० मीटरवर तेवढी चूक म्हणजे १ टक्का, आणि आपण शोधत आहोत ती चूकही साधारण तेवढीच असते. रेंजवरची '१००' ची पाटी यार्डांची असेल तर अंतर ९१.४४ मीटर आहे. ते मीटर समजून मोजलेत तर चांगला स्कोपही साडेआठ टक्के खोटा ठरेल.

स्कोप जड व्हाइसमध्ये किंवा बाकाला घट्ट बसवलेल्या रेलवर (स्कोप अडकवायच्या खाचांच्या पट्टीवर) लावा. रायफलीवरच ठेवायचा असेल तर पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांत ती अशी रुतवा की टरेट फिरवताना हलणार नाही. बोटांच्या जोराने बैठक सरकली तर दोष स्कोपच्या माथी जातो. म्हणून दर वेळी टरेट शून्यावर आणून रेटिकल मूळ खुणेवर येते का, हे पाहत राहा.

आता आडवी रेघ वरच्या शून्यावर ठेवा आणि टरेट 'अप' फिरवा. रेटिकल खाली जाताना दिसेल. नवख्या माणसाला हे उलटे वाटते, पण बरोबर आहे: स्कोप जागेवर स्थिर असताना रेटिकल खाली सरकते, आणि प्रत्यक्ष नेम धरताना ते पुन्हा लक्ष्यावर आणण्यासाठी रायफलीची बॅरल वर उचलावी लागते. १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंमी. २, ४, ६, ८, १० मिलवर थांबून रेटिकल कुठे आहे ते लिहून ठेवा, मग त्याच टप्प्यांनी परत या. असे तीन वेळा करा.

आलेल्या आकड्यांचा अर्थ असा लावायचा. १० मिलला ९९ ते १०१ सेंमी आले आणि तिन्ही वेळा तेच आले, तर स्कोप चांगला आहे. तिन्ही वेळा नेमके ९८ आले तरीही तो टाकाऊ नाही. १०० भागिले ९८ म्हणजे १.०२, हा तुमचा गुणक. गोळीचा उतार सांगणाऱ्या बॅलिस्टिक ॲपमध्ये तो भरा किंवा तक्त्यातल्या आकड्याला त्याने गुणा. तो न वापरल्यास काय होते, तेही पाहा. .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या १७५ ग्रेन गोळीला १००० यार्डांवर साधारण साडेअकरा मिल लागतात. त्याच्या २ टक्के म्हणजे ०.२३ मिल, आणि तेवढ्याने गोळी २१ सेंमी खाली लागते. त्या अंतरावर एफ-क्लासच्या (टेकूवरून झाडायच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या) १ एमओए वर्तुळाची त्रिज्या १३ सेंमी आहे; एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. म्हणजे नेम अचूक असूनही गोळी वर्तुळाबाहेर गेली.

पुढचे तीन दोष मात्र खपवून घेऊ नका. पहिला, ६ मिलपर्यंत बरोबर आणि पुढे कमी कमी होत जाणे: वरच्या टोकाला स्प्रिंगचा जोर संपतो आहे. याला एकच एक गुणक नसतो. दुसरा, फेरीगणिक वेगळा आकडा. तिसरा, परत शून्यावर आल्यावर रेटिकल मूळ खुणेपासून १ सेंमी किंवा जास्त दूर थांबणे. यांतला कोणताही दोष दिसला की वॉरंटीत परत द्या. 'पाच क्लिक पुढे जाऊन मागे यायचे' किंवा 'टरेटला टिचकी मारायची' असे उपाय सांगणारे भेटतील. त्यांनी दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही. ठरलेला खोटेपणा चालतो, कारण तो मोजून काढता येतो. लहरीपणा चालत नाही.

रेटिकल खाली जाताना रेघ सोडून बाजूला सरकते का, हेही याच वेळी पाहा. १०० सेंमीला पावणेदोन सेंमी सरकले म्हणजे १ अंशाचा तिरकेपणा. उभी रेघ ओळंब्याला जुळलेली असूनही असे झाले तर रेटिकल आतच तिरके बसले आहे. थोडा फरक असेल तर रेटिकल तिरके दिसले तरी चालेल, पण टरेटची चाल ओळंब्यात येईल असा स्कोप बसवा, कारण आपण डायल करतो, म्हणजे टरेट फिरवून देतो, ती चाल. फरक २ अंशांहून जास्त असेल तर परत करा.

इतके झाल्यावर मग १० गोळ्या खर्च करा. एकाच खुणेवर नेम ठेवून दोन गोळ्या; मग ४ मिल वर, दोन; ४ उजवीकडे, दोन; ४ खाली, दोन; ४ डावीकडे, दोन. शेवटच्या दोन पहिल्या दोनच्या शेजारी पडल्या पाहिजेत. या चौकोनाने क्लिकचे माप कळत नाही, ते बोर्डानेच कळते. धक्का बसल्यावरही यंत्र परत येते की नाही, एवढे मात्र कळते.

प्रश्न : माझ्या स्कोपवर '१/४ एमओए' लिहिले आहे. एक मित्र म्हणतो १ एमओए म्हणजे १०० यार्डांना १ इंच, दुसरा म्हणतो नाही. आणि नवा घेताना मिल घ्यावा की एमओए?

उत्तर : दुसरा मित्र बरोबर आहे. १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच, १०० मीटरवर २९.१ मिमी. काही टरेट मात्र खरोखरच १ इंचाच्या हिशेबाने कापलेले असतात, आणि त्यांवरही नाव एमओएच असते. जवळच्या पल्ल्यावर फरक कळत नाही. १००० यार्डांसाठी ४० एमओए डायल केलेत आणि टरेट इंचवाला निघाला, तर गोळी ४८ सेंमी खाली लागेल. वर सांगितलेल्या बोर्डावर १०० मीटरवरून ३० एमओए फिरवा. ८७.३ सेंमी आले तर खरा एमओए, ८३.३ आले तर इंच. ॲपमध्ये तसे एकक निवडा, संपले.

मिल की एमओए, यात अचूकतेचा वाद नाही. दोन्ही कोनाची मापे आहेत. मीटरमध्ये विचार करणाऱ्याला मिल सोपे पडते: ०.१ मिलचा एक क्लिक १०० मीटरवर १ सेंमी, ६०० वर ६ सेंमी. कागदावर मध्यवर्तुळासाठी भांडणाऱ्याला बारीक क्लिक हवेत. एफ-क्लासचे सर्वांत आतले वर्तुळ अर्ध्या एमओएचे, म्हणजे १००० यार्डांवर सुमारे १३ सेंमी व्यासाचे असते. तिथे ०.१ मिलचा क्लिक ९ सेंमीची उडी घेतो, १/८ एमओएचा ३.३ सेंमीची. त्यामुळे त्या खेळात १/८ एमओएवाले स्कोप जास्त दिसतात.

रेटिकल मिलचे आणि टरेट एमओएचे, असा संकर मात्र घेऊ नका. १ मिल म्हणजे ३.४४ एमओए, हा गुणाकार वेळ संपत आलेला असताना कोणालाही बरोबर जमत नाही.

प्रश्न : बाजूच्या पॅरॅलॅक्स नॉबवर ३०० लिहिलेले असते तिथे ३०० मीटरचे लक्ष्य स्पष्ट दिसत नाही. स्कोप सदोष आहे का? आणि पॅरॅलॅक्स नॉब नसलेला, १०० मीटरवर पक्का केलेला स्कोप लांबवर चालेल का?

उत्तर : पॅरॅलॅक्स म्हणजे डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावर सरकल्यासारखे दिसणे; तो घालवण्यासाठी हा नॉब असतो. नॉबवरचे आकडे अंदाजाचे असतात, महागड्या स्कोपवरही. त्यावरून स्कोपला दोष देऊ नका. आधी आयपीस (डोळ्याकडचे भिंग) नीट लावली आहे का, ते पाहा. बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच निघते.

स्कोप मोकळ्या आकाशाकडे किंवा कोऱ्या भिंतीकडे धरा (सूर्याकडे चुकूनही नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो). दोन-तीन सेकंद पाहा, नजर बाजूला घ्या, आयपीस थोडी फिरवा, पुन्हा पाहा. पाहताक्षणी रेटिकल काळेभोर आणि रेखीव दिसले पाहिजे. जास्त वेळ टक लावलीत तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. जागा सापडली की आयपीसवर खूण करा आणि तिला पुन्हा हात लावू नका.

आता रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून, तिला स्पर्श न करता, डोके वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. रेटिकल लक्ष्यावर तरंगताना दिसले की पॅरॅलॅक्स शिल्लक आहे. तरंगणे थांबेपर्यंत नॉब फिरवा, नेहमी एकाच बाजूने येत, म्हणजे नॉबमधली ढिलाई मध्ये येणार नाही. जिथे थांबते ती तुमची खरी ३०० ची खूण; नॉबवर चिकटपट्टी लावून तिथे लिहा. हवेचा उष्मा बदलला की खूण थोडी सरकते, म्हणून मोठ्या अंतरावर दर वेळी डोके हलवून खात्री करा. स्वस्त स्कोपमध्ये कधी चित्र एका जागी स्पष्ट होते आणि तरंगणे दुसऱ्या जागी थांबते. आयपीस बरोबर लावूनही असे होत असेल तर तरंगणे थांबते ती जागा निवडा. किंचित धूसर चित्रावर नेम धरता येतो, सरकत्या रेटिकलवर येत नाही.

पक्क्या पॅरॅलॅक्सचा हिशेब सोपा आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाचा निम्मा घ्या आणि त्याला 'लक्ष्याचे अंतर उणे पक्के केलेले अंतर, भागिले पक्के केलेले अंतर' याने गुणा. भिंग ४० मिमी, पॅरॅलॅक्स १०० मीटरला पक्का: ३०० वर जास्तीत जास्त चूक ४० मिमी, ६०० वर १०० मिमी. डोळा अगदी कडेला गेला तरच इतकी चूक होते. गाल दर वेळी कुंद्यावर त्याच जागी टेकत असेल तर ती याच्या काही अंशच राहते. ३०० मीटरपर्यंतच्या पाट्यांना असा स्कोप चालेल. ६०० वर कागदाला मारायचे असेल तर नॉब हवाच.

प्रश्न : १०० मीटरवर झिरो (नेम धरला तिथेच गोळी लागण्याची जुळणी) अगदी मध्यावर आहे. ८०० वर गेलो की गोळ्या नेहमी उजवीकडे अर्धा हात जातात. वाऱ्याची दुरुस्ती करूनही तेच. स्कोप बदलू का?

उत्तर : थांबा. हा दोष बहुधा बसवणुकीचा आहे. रेटिकल किंवा रायफल तिरकी असेल तर टरेटने दिलेली उंची सरळ वर न जाता कलत्या रेषेत जाते. १०० मीटरवर काही डायल केलेले नसते, म्हणून तिथे सगळे बरोबर दिसते. १० मिल डायल केले आणि कल ३ अंशांचा असला, तर ०.५२ मिल बाजूला जातात: ८०० मीटरवर ४२ सेंमी. १ अंशालाही १४ सेंमी. उंचीतला तोटा मात्र १ सेंमीचा, म्हणून कलाचा संशय येत नाही आणि दोष वाऱ्यावर जातो. त्यात एक भर: उजव्या पिळाच्या बॅरलमध्ये गोळी स्वतःच्या फिरण्याने थोडी उजवीकडे वाहते. .३०८ ला १००० यार्डांवर ते साधारण २० सेंमी असते, त्याला स्कोप जबाबदार नाही.

स्कोप पुन्हा बसवा, पण या क्रमाने. बैठकीचे क्लॅम्प सैल असताना ती रेलच्या खाचेत पुढे ढकला, म्हणजे धक्का बसताना ती आधीच अडलेली असेल. मग आवळा. झूम सर्वांत वर ठेवून डोळ्यापासूनचे अंतर ठरवा, कारण तिथे डोळ्याला सर्वांत कमी मोकळीक असते. ज्या आसनात गोळी झाडता त्याच आसनात हे करा. रायफलीच्या रेलवर छोटी पाणसळ ठेवून रायफल समपातळीत आणा, ३०-४० मीटरवर ओळंबा लटकवा आणि रेटिकलची उभी रेघ दोऱ्याला जुळवा. आता रिंगांचे (नळी धरणाऱ्या कड्यांचे) स्क्रू तिरप्या जोडीने, थोडे थोडे आवळा. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. आवळताना नळी गिरकी घेते, म्हणून शेवटी दोरा पुन्हा पाहा. बहुतेकांचे इथेच चुकते.

टॉर्क पाना वापरा. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना सहसा १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरे असतात. रिंग बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो खरा. आट्यांना तेल लावू नका. ओल्या आट्यांवर त्याच टॉर्कला पकड बरीच जास्त बसते, आणि थ्रेडलॉकरही (आटे सैल होऊ न देणारा द्रव) ओलाच असतो. जास्त आवळल्याची खूण म्हणजे पॅरॅलॅक्सचा नॉब किंवा झूमचे कडे अचानक जड होणे. नळी दबली आहे, आत इरेक्टर घासतो आहे. अशा स्कोपचे ट्रॅकिंग बिघडते आणि दोष बिचाऱ्या कारखान्याला दिला जातो.

शेवटी स्कोपच्या नळीवर बसणारी एक पाणसळ लावा आणि ती रेटिकलशी जुळवून घ्या. उतारावर पालथे पडलेल्या माणसाला आपण सरळ आहोत असे वाटते, तो सरळ नसतो. झूम वाढवण्यावर खर्च करण्यापेक्षा या छोट्या वस्तूवर केलेला खर्च कितीतरी जास्त कामाचा आहे.

प्रश्न : ४-१६ घ्यावा, ६-२४ घ्यावा की ८-३२? किंमत जवळपास सारखीच आहे.

उत्तर : किंमत सारखी असेल तर लहान झूमचा. त्याच पैशात जास्त झूम दिला, म्हणजे कुठेतरी काटकसर झाली. ती बहुधा भिंगांत किंवा यंत्रात असते. स्वस्त ६-२४ मध्ये १८ च्या पुढे चित्र मऊ पडताना आणि काळ्या पाटीच्या कडेला जांभळी किनार येताना पुष्कळदा दिसते. मग २४ चा आकडा नळीवर कोरण्यापुरता उरतो.

प्रकाशाचाही हिशेब करा. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले झूम, म्हणजे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास. ५० मिमी भिंगाला १० वर तो ५ मिमी, १६ वर ३.१, २४ वर फक्त २.१ मिमी. वर्तुळ जितके लहान तितके चित्र अंधारे आणि डोळा जागेवर ठेवणे कठीण.

'गोळीची भोके दिसावीत म्हणून २४ हवे' हा युक्तिवाद नेहमीचा आहे. ७.६२ मिमीचे भोक ६०० मीटरवर सुमारे २.६ विकलांचा कोन करते (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). २४ पट मोठे केले की ६३ विकला. निरोगी डोळ्याची मर्यादा साधारण ६०. म्हणजे काच निर्दोष आणि हवा निश्चल असेल तरच ते जेमतेम दिसेल. उन्हात जमिनीवरून झळा उठू लागल्या की लक्ष्य पाण्याखाली असल्यासारखे हलते आणि २४ वरून १२-१४ वर उतरावेच लागते. भोके पाहण्यासाठी स्पॉटिंग स्कोप (रायफलीपासून वेगळी दुर्बीण) किंवा लक्ष्याजवळचा कॅमेरा हवा. पोलादी पाटीवर १००० मीटरलाही १० ते १६ पट पुरे.

काच तपासायची तर दोन स्कोप शेजारी, एकाच झूमवर, एकाच वेळी, एकाच छापील अक्षरांच्या तक्त्यावर. मध्य आणि कडा दोन्ही पाहा, आणि दिवस मावळताना पुन्हा पाहा. काल पाहिलेल्याशी आजचा ताडून काही कळत नाही.

एफ-क्लासकडे जाणार असाल तर वजनही पाहा. स्कोपसह रायफलीची मर्यादा ओपन गटाला १० किलो आणि एफ-टीआर गटाला, बायपॉडसह (दोन पायांच्या टेकूसह), ८.२५ किलो आहे. दुसऱ्या गटात जड स्कोप अडचण करतो.

प्रश्न : ७०० च्या पुढे टरेट फिरतच नाही. आतली मर्यादा संपली. आता?

उत्तर : तिरकी रेल लावा. ३० मिमी नळीत एकूण ६० एमओए मिळत असतील तर सपाट रेलवर १०० मीटर झिरोच्या वर अंदाजे ३० उरतात. .३०८ ला १००० यार्डांसाठी ३८ ते ४० लागतात. २० एमओएची रेल लावली की वर ५० मिळतात, खाली १० राहतात. 'मग ३० ची लावू' असे करू नका: खाली शून्य उरेल आणि कदाचित १०० वर झिरोच होणार नाही. रेलचा जाड भाग मागे, आयपीसकडे येतो. उलटी लावणारे कमी नाहीत. अगदी टोकापर्यंत डायल करायची वेळ येऊ नये, एवढी मोकळीक ठेवा. इरेक्टर गोल नळीत फिरतो, त्यामुळे उंचीच्या टोकाला वाऱ्यासाठीची बाजूची जागाही आक्रसते.

प्रश्न : .२२ रायफलीवर २०० मीटरसाठी कोणताही स्वस्त स्कोप चालेल ना? धक्का तर नसतोच.

उत्तर : धक्का नाही, पण उंची भरपूर लागते. ५० मीटर झिरोवरून २०० मीटरला, काडतुसाप्रमाणे, साधारण ८ मिल. म्हणजे ट्रॅकिंगची परीक्षा .३०८ इतकीच कडक. शिवाय पॅरॅलॅक्स २५ मीटर किंवा त्याहून जवळ येणारा हवा. मोठ्या रायफलींसाठीचे पुष्कळ स्कोप तिथे उतरत नाहीत. हाच स्कोप कधी स्प्रिंगच्या एअर रायफलीवर लावायचा विचार असेल तर बनवणाऱ्याने तसे स्पष्ट लिहिले आहे का ते पाहा. स्प्रिंग-पिस्टनचा धक्का मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो, आणि तो चांगल्या स्कोपचीही आतली भिंगे सैल करतो.

प्रश्न : ३४ मिमी नळीत जास्त उजेड येतो का? प्रकाशित रेटिकल घ्यावे का?

उत्तर : नाही. उजेड पुढचे भिंग, झूम आणि काचेवरचे लेप ठरवतात. जाड नळी टरेटला जास्त फिरायला जागा देते. प्रकाशित रेटिकल दिवसा कागदावर मारणाऱ्याला लागत नाही. त्याऐवजी झिरो-स्टॉप (टरेटला झिरोवर अडवणारा थांबा) असलेला स्कोप घ्या. त्याशिवायच्या, अनेक फेरे घेणाऱ्या टरेटवर एक फेरा चुकतो आणि गोळी कुठे गेली हेच कळत नाही.

प्रश्न : वापरलेला स्कोप घेतला. झिरो दर आठवड्याला थोडा हलतो. दोष स्कोपचा, रायफलीचा की माझा, हे कसे ठरवू?

उत्तर : आधी झिरो खरोखर हलतो का, ते ठरवा. १ एमओएचे गट मारणाऱ्या रायफलीतही तीन गोळ्यांच्या गटाचा मध्य आपोआप पाव ते अर्धा एमओए इकडेतिकडे होतो. तीन गोळ्या पाहून दर आठवड्याला टरेट फिरवत असाल तर झिरो तुम्हीच हलवत आहात. एकाच लॉटची काडतुसे घेऊन १० गोळ्यांचा गट मारा, मध्य मोजा, टरेटला हात न लावता पुढच्या आठवड्यात पुन्हा १०.

मध्य तरीही सरकला तर स्टॉकमध्ये ॲक्शन धरणारे स्क्रू, रेल, क्लॅम्प, रिंगा या क्रमाने टॉर्क तपासा. रिंगेच्या कडेला नळीवर पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवा. २० गोळ्यांनंतर रेघ आणि रिंग यांत अंतर पडले तर नळी रिंगेत सरकते आहे. सगळे घट्ट असेल तर खात्रीचा दुसरा स्कोप त्याच रायफलीवर लावून तेच दोन गट मारा. मध्य स्थिर राहिला म्हणजे दोष तुमच्या स्कोपचा.

मग तो व्हाइसमध्ये धरा, रेटिकल १०० मीटरवरच्या एका ठिपक्यावर आणा आणि नळीवर, टरेटच्या पुढे व मागे, पेचकसाच्या प्लास्टिकच्या मुठीने हलके ठोके द्या. रेटिकल ठिपक्यावरच राहिले पाहिजे. टरेट वरच्या टोकाकडे नेऊन पुन्हा ठोका. कमजोर स्प्रिंग तिथे सापडते. रायफलीवरून काढलेला नुसता स्कोप तासभर फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढा. बाहेरच्या काचेवरची वाफ पुसली जाईल. पुसूनही आत धुके राहिले तर सील गेली आहे आणि भरलेला कोरडा वायू निघून गेला आहे. दुरुस्तीला पाठवताना बोर्डावरच्या तिन्ही फेऱ्यांचे आकडे सोबत लिहून द्या. 'झिरो हलतो' एवढेच लिहिले तर स्कोप 'दोष आढळला नाही' या शेऱ्यासह परत येऊ शकतो, '१० मिलला ९७, ९९, ९६ सेंमी, परतताना १.५ सेंमी खाली' असे लिहिले तर त्यांना नेमके काय तपासायचे ते कळते.